शनिवारच्या पगारावर घर चालवताना

घरखर्चाचं नियोजन म्हणून जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. पगार झाला की इतके टक्के बाजूला काढा, उरलेले महिनाभर पुरवा. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या घरात ते बसत नाही. आमच्याकडे पगार आठवड्याला होतो, तोही पिकावर, म्हणजे जेवढं कापड विणलं तेवढी मजुरी. सुताचा भाव चढला, कापडाला उठाव नसला की आधी रातपाळी बंद होते, मग आठवड्यातले दोन-तीन दिवस माग उभे राहतात. काम सुटत नाही, पण पाकीट बारीक होत जातं.

आमचे हे मागावर आहेत. मी घरी शिवणकाम करते आणि गल्लीतल्या बचत गटाचं दप्तर सांभाळते, त्यामुळे माझ्या घराबरोबर आणखी बऱ्याच घरांचे हिशोब नजरेखालून जातात. हे लिहिते आहे ते ज्यांचा पैसा आठवड्याला किंवा रोजाला येतो त्यांच्यासाठी. माग असो, बांधकाम असो, रिक्षा असो, चार घरची धुणीभांडी असोत.

माझं सांगणं एवढंच की पैसा कमी आहे यापेक्षा तो गरजेनंतर येतो, याचा मार जास्त बसतो. गरज मंगळवारी आणि पगार शनिवारी. मधल्या चार दिवसांत दुकानातली उधारी, दहा-दहा रुपयांच्या पुड्या, शेजारणीकडून उसने, बिलावरचा दंड, सगळं शिरतं. म्हणून भाजीत दोन रुपये वाचवण्याच्या आधी घर एक आठवडा पुढे न्यायचं. म्हणजे या शनिवारचा पगार पुढच्या शनिवारपर्यंत उघडायचा नाही, हा आठवडा मागच्या शनिवारच्या पगारावर काढायचा. ते कसं जमवायचं ते आता सांगते.

पहिलं काम: सगळ्यात वाईट आठवडा शोधा

एक वही घ्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत दर आठवड्याला घरात किती आले ते आठवून, मालकाच्या चिठ्ठ्या बघून, फोनवरच्या मेसेजमधून लिहून काढा. नवऱ्याचे, तुमचे, मुलगा काही आणत असेल तर त्याचे. त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी धरू नका. सरासरीवर घर मांडलं की निम्म्या आठवड्यांत उसने करावेच लागतात.

समजा चांगल्या आठवड्यात घरात ५,४०० येतात आणि पडत्या आठवड्यात ३,७००. तर आपलं घर ३,७०० चं. वरचे येतील तेव्हा त्यांचं काय करायचं ते पुढे बघू.

आता महिन्याला ठरलेले खर्च लिहा. भाडं, लाइट बिल, मुलांची शिकवणी, गटाची बचत. या प्रत्येक आकड्याला चारने भागा. भाडं ३,००० तर दर शनिवारी ७५०. लाइट ८०० तर २००. शिकवणी ६०० तर १५०. गट ४०० तर १००. झाले १,२००. सिलिंडरचा हिशोब वेगळा. १४.२ किलोचा सिलिंडर आपल्या घरात किती आठवडे जातो ते बघा आणि त्यातून एक आठवडा कमी करून भागा. सहा आठवडे जात असेल आणि ९०० ला पडत असेल तर पाचने भागून १८०. म्हणजे सिलिंडर संपायच्या आधी पैसे तयार. असे १,३८० शनिवारी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाजूला. राहिले २,३२०, त्यात सात दिवसांचं खाणंपिणं, दूध, साबण, येणंजाणं.

चारनेच का भागायचं? महिन्यात चार आठवडे धरले तर वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात, आणि पगार होतात बावन्न. वर्षातून चार महिने असे येतात, कधी पाचही, की ज्यात पाच शनिवार असतात. त्या पाचव्या शनिवारी भाडं, लाइट, शिकवणी, गट यांचे पैसे आधीच पुरे झालेले असतात. वरच्या उदाहरणात तेव्हा १,२०० मोकळे राहतात. चार वेळचे ४,८००. पडत्या आठवड्याचा पूर्ण पगार त्यातून उभा राहतो आणि वर थोडे उरतात. कॅलेंडर काढा आणि पाच शनिवारवाल्या महिन्यांना आत्ताच खूण करा. ज्यांचा पगार दुसऱ्या वारी होतो त्यांनी तो वार धरावा.

पाचव्या शनिवारचे पैसे, चांगल्या आठवड्यात वर आलेले, दिवाळीच्या बोनसातला निदान निम्मा, हे सगळं एकाच ठिकाणी जाऊ द्या, जोवर एका आठवड्याच्या पगाराएवढी रक्कम होत नाही. झाली की त्या शनिवारपासून नवा पगार पाकिटासकट ठेवून द्या आणि साठवलेल्यावर आठवडा काढा. इथून पुढे गोष्टी फार बदलतात. माग सोमवारी बंद झाला तरी घरात त्या आठवड्याचे आणि पुढच्या आठवड्याचे पैसे असतात. कुणाला काय सांगायचं, कोणतं काम बघायचं, याला आठ-दहा दिवस हाताशी मिळतात.

पैसे ठेवायला मी कापडी पिशव्या शिवल्या आहेत, दोरीच्या. भाडं, लाइट, गॅस, शाळा. एका पिशवीतून दुसरीत पैसे जाऊ शकतात, पण चिठ्ठी टाकल्याशिवाय नाही. फोनवरून पैसे देणं सोपं झाल्यापासून खात्यातला पैसा कधी जातो कळत नाही, म्हणून ठरलेल्या खर्चाचं एक खातं आणि रोजच्या खर्चाचं दुसरं असेल तर उत्तम. फोनमधलं ॲप दुसऱ्या खात्यालाच जोडा.

दुकानातली उधारी कशी मोडायची

कोपऱ्यावरचं दुकान आपल्याला अडीअडचणीला सांभाळतं, त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही. पण खात्यावर घेतलं की भाव विचारायची सोय राहत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाताही येत नाही. म्हणून दुकानदाराला सरळ सांगा: "दादा, मागची बाकी इथं थांबवूया. दर शनिवारी दोनशे देते. आजपासून नवीन सगळं रोखीनं." त्याच्या वहीत आणि तुमच्या वहीत दोन्हीकडे आकडा लिहून घ्या. मी आजवर ज्या बायांना हे करायला लावलं त्यांपैकी कुणाला दुकानदाराने नाही म्हटलेलं नाही, कारण त्यालाही वाढत जाणाऱ्या बाकीपेक्षा दर शनिवारचे दोनशे बरे वाटतात.

रोखीने घेताना शंभर ग्रॅमला किती पडतं तेवढंच बघायचं. दहा रुपयांची चहाची पुडी आणि पाव किलोचं पाकीट यांचा भाव शंभर ग्रॅमवर आणून बघा, पुडी महाग पडते. तेलाच्या पिशवीवर ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तेवढीच दिसणारी पिशवी कमी ग्रॅमचीही असते आणि दहा रुपये स्वस्त म्हणून आपण ती उचलतो. मोठं तेच स्वस्त असं मात्र नेहमी नसतं. शांपूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते आणि वापरलीही बेताने जाते. प्रत्येक वस्तूचा एकदा हिशोब करून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला की दर वेळी डोकं चालवावं लागत नाही.

स्वयंपाकघर

इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण काटकसर म्हटलं की पहिला हात बायका स्वतःच्या ताटाला लावतात. तसं करू नका. मुलांचं दूध, अंडं, डाळ आणि तुमचं स्वतःचं जेवण यांना कात्री लावायची नाही. वाचवायचं ते घेण्याच्या वेळेत आणि शिजवण्याच्या पद्धतीत.

धान्य हंगामात घ्यायचं. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, नवी तूरडाळ आणि चिंच त्याच सुमाराला, गहू एप्रिलमध्ये. मिरची फेब्रुवारीपासून, तेव्हाच वर्षाची चटणी कांडून घ्यायची. गूळ हिवाळ्यात, गुऱ्हाळं चालू असताना. वर्षाचं एकदम भरायला पैसे कुणाकडे असतात, हे मला ठाऊक आहे. आम्ही चार घरं मिळून एक पोतं घेतो, पन्नास किलोचं. तागडी एकीची, पोतं उघडायचं सगळ्यांसमोर, वाटे तिथेच. दोन दिवस कडक ऊन दाखवून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरायचं. डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवली की कीड धरत नाही, शिजवताना गरम पाण्याने धुऊन घ्यायची.

तूरडाळ महागली की निम्मी मसूर घाला, आमटीला चव वाईट येत नाही. पण आमच्या भागात खरा आधार हुलग्याचा, म्हणजे कुळथाचा. सासूबाईंच्या हातचं शिकलेलं सांगते. पाव किलो हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी टाकून भरपूर नव्या पाण्यात कुकरला लावायचे. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून पंधरा-वीस मिनिटं. कुकर उघडला की वरचं दाट तांबूस पाणी वेगळं काढून घ्यायचं, तो कट. लसणाची फोडणी, चमचाभर चटणी, चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ, आणि दोन चमचे शिजलेले हुलगे वाटून दाटपणाला. ही झाली आमटी, भाकरी कुस्करून खायला. खाली राहिलेल्या हुलग्यांना कांदा परतून, शेंगदाण्याचं कूट घालून सुकी उसळ करायची, ती दुसऱ्या दिवशीच्या डब्याला. एकदाच गॅस पेटवून चार माणसांची दोन वेळची सोय. पावसाळ्यात आणि थंडीत हे अंगालाही चांगलं.

कुकर कधीच एकट्या डाळीसाठी चढवू नये. खाली डाळ, मधे तांदूळ, वरच्या डब्यात बटाटे किंवा बीट. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवले की गॅस कमी लागतो. भाजी बाजार उठायच्या वेळेला घ्यावी, तेव्हा वाटे लावलेले असतात. पालेभाजी त्याच रात्री निवडून धुऊन, पाणी निथळून, कापडात गुंडाळली तर दोन दिवस जाते. न निवडता ठेवली तर सकाळी निम्मी फेकावी लागते आणि स्वस्ताई तिथेच संपते.

रेशनचं धान्य कमीपणाचं मानू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, हे १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. माणशी मिळतं म्हणून कार्डावर सगळी नावं हवीत. सून आली, बाळ झालं, तरी वर्षानुवर्षं नाव चढवलेलं नसतं आणि महिन्याला ५ किलो जातात. सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का तेही दुकानात विचारा. आमच्याकडे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली घरं आहेत. त्यांचं गावाकडचं कार्ड या मोफत धान्याच्या योजनेत असेल तर त्यांना इथल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. कित्येकांना हे माहीतच नसतं, तुमच्या शेजारी असतील तर सांगा.

लाइट बिल

महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिट स्वस्त, त्यापुढची ३०० पर्यंतची बरीच महाग. महागाचा दर १०० च्या पुढच्या युनिटांनाच लागतो, सगळ्यांना नाही. १०० च्या आत राहायचं तर आठवड्याला साधारण २३ युनिट. दर शनिवारी पैसे वाटायला बसाल तेव्हाच मीटरचा आकडा वहीत टिपा. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट एकटा खातो. नवा कमी विजेचा पंखा ३० वॅटच्या आसपास येतो. घरात एकच बदलायचा असेल तर जास्तीत जास्त वेळ फिरणारा बदला.

कर्ज

गटाच्या बैठकीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. व्याज महिन्याच्या भाषेत सांगितलं की लहान वाटतं. शेकडा पाच म्हणजे १०,००० ला महिन्याला ५००, वर्षाला ६,०००, आणि मुद्दल जागच्या जागी. गटात आम्ही शेकडा दोनने देतो. तेही वर्षाला चोवीस टक्केच, पण ते व्याज गटातच राहतं आणि शेवटी आपल्यातच वाटलं जातं. बँकेचं सोनेतारण याहून बरंच स्वस्त पडतं. म्हणून शेकडा पाचचं कर्ज डोक्यावर असेल आणि गळ्यात डोरलं, कानात फुलं असतील, तर ती बँकेत तारण ठेवून सावकाराचं आधी फेडा. दागिना अडकतो याचं वाईट वाटतं, मला कळतं. पण तो परत आणता येतो, सावकाराला गेलेलं व्याज येत नाही.

सगळी कर्जं एका पानावर उतरवा: कुणाचं, किती बाकी, वर्षाला किती टक्के, हप्ता कोणत्या वारी. सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरून जे वर उरेल ते फक्त सगळ्यात महागड्या कर्जावर. हप्ता भरायला नवं कर्ज काढायचं नाही. आमच्या गल्लीतली जी घरं खोलात गेली ती पहिल्या कर्जाने नाही, दुसऱ्याचा हप्ता भरायला तिसरं घेतल्याने.

मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज त्यांनी द्यायचं नसतं. मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. दारात कुणी रात्री उभा राहिला तर हे त्याला शांतपणे ऐकवा आणि कंपनीत लेखी तक्रार द्या. खाजगी सावकारालाही महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना नसताना कुणी व्याजाचा धंदा करत असेल, कोरे चेक किंवा सह्या घेतल्या असतील, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करता येतो. फोनवरची झटपट कर्जं घेऊच नका. ती फोनमधली सगळी नावं मागून घेतात आणि नंतर त्याच नावांना फोन लावून बदनामी करतात.

हप्ता चुकणार असेल तर चुकायच्या आधी जाऊन सांगा. आठवडा पुढे असलेल्या घराला ते आधी कळतं, म्हणूनही तो आठवडा हवा.

बचतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे पतसंस्थेच्या पिग्मीचा माणूस रोज दारात येतो, वीस-तीस रुपये नेतो. सवय फार चांगली. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. म्हणून पिग्मी भरायची, रोजची नोंद आपल्या पुस्तकात घ्यायची, आणि मुदत संपली की पैसे उचलून बँकेत किंवा पोस्टात टाकायचे. पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती खातं उघडतं. भिशी ओळखीच्या बायकांची असेल आणि रक्कम लहान असेल तर चालेल, पण आठवड्याचा राखीव पैसा भिशीत अडकवू नका. तो मंगळवारी मागितला तर मंगळवारी हातात आला पाहिजे.

आजारपण

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो, वय १८ ते ७०. ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, वय १८ ते ५०. दोन्ही योजना एकदा बँकेत फॉर्म भरून चालू करायच्या आणि मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवायची, नाहीतर विमा बंद पडतो. मोठ्या आजाराला, शस्त्रक्रियेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट होताना आधार आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्यांदा तिथे जा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांत फार मोठा फरक पडतो.

घरातल्या माणसांशी बोलणं

हे सगळं बाईने एकटीने लपवून करायचं नाही. वही शनिवारी रात्री सगळ्यांसमोर उघडा. आठवीतल्या मुलालासुद्धा बेरीज करायला बसवा. आकडा स्वतः मांडला की तो वाढदिवसाला काय मागायचं ते आपोआप ठरवतो. नवऱ्याला चहा-तंबाखूला ठरावीक रक्कम द्या आणि तेवढीच स्वतःलाही घ्या. तिचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. बाई स्वतःच्या नावाने काहीच ठेवत नाही, मग ओवाळणीला, माहेरच्या जत्रेला पिशव्या उसवाव्या लागतात. आहेराचा आकडा घरात एकदा ठरवा, जवळच्यांना इतका, लांबच्यांना इतका, आणि लग्नसराईच्या आधी त्याची वेगळी पिशवी करा. देताना मग हात आखडत नाही.

राखीव आठवडा कधी ना कधी वापरावा लागणारच. माग बंद पडला, कुणी पडलं-झडलं, तर बिनदिक्कत वापरा, त्यासाठीच तो आहे. काम पुन्हा सुरू झालं की पिशव्यांनंतर पहिला भरणा त्याचा, साडी, टीव्ही, सण यांच्या आधी. आणि पूर्ण जमला की दुसरा आठवडा साठवायला घ्या. दोन आठवडे पुढे असलेल्या घराचं भाडं महिन्याच्या एक तारखेला द्यायची सोय होते आणि घरमालकाकडे भाडं कमी करण्याबद्दल बोलायला तोंड राहतं. आमच्या गटातल्या एकीने असंच बोलून वर्षभर भाडेवाढ थांबवली आहे.